दिलगिरीची पाटी आणि पूर्ण बिल

"पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी बंद आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

कोकणातल्या एका रिसॉर्टच्या स्वागतकक्षात टेबलावर ही दोन ओळींची पाटी उभी होती. २०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, एसटी महामंडळातून वाहक म्हणून निवृत्त झालेले, सहकुटुंब तेथे उतरले. पती-पत्नी, दोन मुले, दोन सुना आणि तीन नातवंडे. तीन खोल्या, दोन रात्री. भाडे एका खोलीला एका रात्रीचे ६,५०० रुपये, म्हणजे ३९,०००. त्यावर तेव्हाच्या दराने १२ टक्के जीएसटी ४,६८०. मिळून ४३,६८० रुपये, आणि तेही तीन आठवडे आधी भरलेले. उभी हयात दुसऱ्यांना सहलीच्या गावी पोचवण्यात गेली, स्वतःचे घरचे कधी कुठे नेले नाहीत, म्हणून फंडाच्या पैशातून हा एक खर्च त्यांनी मन घट्ट करून केला होता.

जाहिरातीत निळाशार तलाव होता, मुलांची घसरगुंडी होती, खेळघर होते, रात्रीच्या जेवणाचे उपाहारगृह होते. प्रत्यक्षात तलाव कोरडा आणि तळाच्या फरशा उखडलेल्या. खेळघराला कुलूप. उपाहारगृह संध्याकाळी सातलाच बंद, कारण "स्टाफ कमी आहे". नातवंडे पोहण्याचे कपडे घालूनच गाडीतून उतरली होती. गृहस्थांनी व्यवस्थापकाला विचारले, मग भाडे किती कमी करणार? व्यवस्थापक म्हणाला, "काका, आम्ही पाटी लावली आहे ना."

परत आल्यावर ते आमच्या कार्यालयात आले. जय भीम झाला, चहा झाला आणि त्यांनी बिल टेबलावर ठेवले. म्हणाले, "वकीलसाहेब, आमची गाडी वाटेत बंद पडली की आम्ही प्रवाशांना मागून येणाऱ्या गाडीत बसवून द्यायचो. निमआरामच्या तिकिटावर साध्या गाडीत बसवलं तर प्रवासी फरक मागायचाच, आणि मागणं चुकीचं नव्हतं. इथं मी फरक मागितला तर तो माझ्याकडं असा बघायला लागला, की जणू मी फुकट राहायला आलोय."

प्रकरण आता ग्राहक आयोगासमोर आहे, म्हणून रिसॉर्टचे नाव आम्ही लिहीत नाही. पण प्रश्न त्या एका रिसॉर्टचा नाहीच. माथेरानपासून मालवणपर्यंत आणि लोणावळ्यापासून ताडोब्याच्या वेशीपर्यंत हा व्यवहार रोज चालतो. सुविधा बंद असताना पूर्ण दर घेणे न्याय्य आहे काय, एवढाच सवाल आहे.

आमच्यातले काही कार्यकर्ते म्हणतील, हे श्रीमंतांचे चोचले. आपल्या पेपरात याला जागा कशाला? आम्हाला हे मान्य नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत जाण्यापासून धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणालाही अडवता येणार नाही असे सांगितले. दार कायद्याने उघडले. पण त्या दारातून आत गेलेली आमची पहिली पिढी बिलावर बोलायला बिचकते. आपण हुज्जत घातली तर "यांना परवडत नाही म्हणून भांडतात" असे ऐकावे लागेल, ही भीती मनात असते. सुटाबुटातला पाहुणा काउंटरवर आवाज चढवतो तेव्हा त्याला सूट मिळते आणि निवृत्त वाहकाला पाटी दाखवली जाते. सुटीवर खर्च करण्याचा अधिकार कोणाची मक्तेदारी नाही, तसा हिशेब मागण्याचा अधिकारही नाही.

आता मालकांचे म्हणणे पाहू. त्यांचे पहिले उत्तर ठरलेले असते: भाडे खोलीचे आहे, तलाव ही मोफत दिलेली पूरक सुविधा आहे, मोफत गोष्टीचा परतावा कसला?

हे उत्तर ऐकले की आम्हाला हॉटेल व्यवसायाचा न्यायालयातला इतिहास आठवतो. हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध असोसिएटेड हॉटेल्स या खटल्याचा निकाल १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. राहण्या-जेवणाच्या एकत्र आकारातील जेवणाच्या भागावर विक्रीकर लावावा असे सरकारचे म्हणणे. हॉटेलचे म्हणणे असे की आम्ही जेवण विकत नाही. निवास, जेवण, सेवा, सोयी हे सगळे मिळून एक अखंड सेवा आहे, तिचे तुकडे पाडता येणार नाहीत. न्यायालयाने हॉटेलचे म्हणणे मान्य केले. १९७८ मध्ये नॉर्दर्न इंडिया केटरर्सच्या खटल्यात हाच न्याय उपाहारगृहांनाही लागला. राज्यांचा कर बुडू लागला तेव्हा संसदेला १९८२ मध्ये सेहेचाळीसावी घटनादुरुस्ती करून अनुच्छेद ३६६ मध्ये २९-अ हे उपकलम घालावे लागले. एका धंद्याच्या युक्तिवादासाठी देशाच्या संविधानात दुरुस्ती झाली, एवढे त्या युक्तिवादाचे वजन!

तोच युक्तिवाद २०१७ मध्ये पुन्हा आला. बाटलीबंद पाण्यावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे हॉटेलांनी घ्यावेत की नाही, असा वाद होता. हॉटेल आणि रेस्टॉरंट चालकांच्या महासंघाने सांगितले की आमच्याकडे कोणी नुसती पाण्याची बाटली घ्यायला येत नाही. तो बसायला येतो, वातावरण अनुभवायला येतो, सेवा घ्यायला येतो, आणि आम्ही त्या सगळ्याचे पैसे घेतो. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून दुकानात वीस रुपयांना मिळणारी बाटली हॉटेलात कितीलाही विकता येते.

आमचे म्हणणे सरळ आहे. जो धंदा अर्धे शतक न्यायालयात सांगत आला की आम्ही नुसती खोली, नुसते जेवण, नुसते पाणी विकत नाही, सगळ्या सोयींचे मिळून एक मोल घेतो, त्याला तलाव आटल्यावर "भाडे फक्त खोलीचे होते" असे म्हणता येणार नाही. जास्त घेताना सोयींचे मोल धरायचे आणि परत द्यायची वेळ आली की त्या सोयी फुकट ठरवायच्या, याला न्याय म्हणत नाहीत.

आणि सोयीचे मोल काढता येत नाही, हेही खरे नाही. जादा गादीचे पैसे वेगळे, पाच वर्षांवरील मुलाचे वेगळे, दुपारी दोननंतर खोली सोडली तर वेगळे. वाढवताना प्रत्येक गोष्टीची किंमत कागदावर असते. शिवाय कित्येक रिसॉर्ट दिवसभराच्या सहलीसाठी बाहेरच्या लोकांना तलावाचे तिकीट विकतात. आमच्या गृहस्थांच्या नातवाने, तो नववीत शिकतो, फाटकाजवळच्या दरफलकाचा फोटो काढून ठेवला होता. त्यावर तलाव वापराचा दर माणशी ४०० रुपये लिहिला होता. म्हणजे बाहेरच्याला जो तलाव चारशे रुपयांना विकत मिळतो, तो आतल्याला "मोफत" होता! नऊ माणसे, दोन दिवस, ७,२०० रुपये. हा आकडा आम्ही काढलेला नाही. तो रिसॉर्टने स्वतःच्या फाटकावर रंगवून ठेवला आहे.

मालकांचे दुसरे उत्तर थोडे विचार करण्यासारखे आहे. तलाव बंद झाला म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही, पगार थांबत नाहीत, उलट दुरुस्तीचा खर्च वाढतो. यात तथ्य आहे. लहान रिसॉर्टवाला, जो स्वतः गावचाच असतो आणि बँकेच्या कर्जावर चार खोल्या बांधून बसलेला असतो, त्याला आम्ही मोठ्या साखळी हॉटेलांच्या रांगेत बसवणार नाही. पण दुरुस्तीचा खर्च हा मालकाच्या मालमत्तेवरचा खर्च आहे. दुरुस्त झालेला तलाव पुढची दहा वर्षे मालकाला कमावून देणार. त्याचे पैसे त्या महिन्यात आलेल्या पाहुण्याने, तलावात पायही न बुडवता, का भरायचे?

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल हॉटेलांबद्दल नसूनही आम्हाला फार जवळचा वाटतो. कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या, वर्ग मोबाईलवर चालत होते आणि शुल्क मात्र पूर्ण मागितले जात होते. इंडियन स्कूल, जोधपूर विरुद्ध राजस्थान सरकार या प्रकरणात ३ मे २०२१ रोजी न्यायालयाने सांगितले की मुलांनी ज्या सुविधा वापरल्याच नाहीत आणि ज्यांचा खर्च शाळांचा वाचला, त्यापोटी २०२०-२१ च्या शुल्कात १५ टक्के कपात द्यावी. महाराष्ट्र सरकारनेही १२ ऑगस्ट २०२१ ला १५ टक्के कपातीचा शासन निर्णय काढला. शाळा बंद ठेवण्यात संस्थाचालकांचा दोष नव्हता, पगार त्यांनाही चुकले नव्हते. तरीही न वापरलेल्या सुविधेचे पूर्ण पैसे घेणे न्यायालयाला पटले नाही. शाळेला जो न्याय लागतो तो रिसॉर्टला का लागू नये? ३९,००० रुपयांवर १५ टक्के म्हणजे ५,८५० रुपये.

त्याच काळात महाराष्ट्रात हॉटेले ८ जुलै २०२० पासून एकतृतीयांश क्षमतेने उघडली. तलाव आणि व्यायामशाळा बंदच होत्या. विमान तिकिटांच्या परताव्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला, प्रवाशांना परताव्याचा मार्ग मिळाला. अर्धवट उघडलेल्या हॉटेलांच्या दराबद्दल मात्र कोणी बोलले नाही. तो प्रश्न आपल्याकडे तसाच विरून गेला.

युरोपात तो विरला नाही. जर्मनीहून दोन प्रवासी मार्च २०२० मध्ये ग्रान कनारिया या स्पॅनिश बेटावर दोन आठवड्यांच्या सहलीला गेले. दोन दिवसांत किनारे बंद झाले, संचारबंदी आली, हॉटेलच्या तलावावर जायला मनाई झाली. खोलीबाहेर पडायचे ते जेवणापुरते. आठवडाभरात त्यांना परत पाठवले. त्यांनी सहल कंपनीकडे किमतीत ७० टक्के कपात मागितली. कंपनी म्हणाली, साथ काही आम्ही आणली नाही. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले आणि १२ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले की ठरलेली सेवा मिळाली नाही, तर किंमत कमी झाली पाहिजे. दोष कंपनीचा आहे की नाही हा प्रश्न किंमत कमी करण्याच्या आड येत नाही. कपात नेमकी किती, हे ठरवण्याचे काम त्यांनी जर्मन न्यायालयावर सोपवले. जर्मनीत अशा कपातीचा अंदाज देणारा एक तक्ताही आहे. फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. कबूल केलेला तलाव नसेल तर १० ते २० टक्के, असे त्यात लिहिले आहे. तो कोणावर बंधनकारक नाही, पण पाहुणा आणि मालक दोघांनाही बोलणी कुठून सुरू करायची ते कळते. आमच्या गृहस्थांच्या बिलावर हे १० ते २० टक्के म्हणजे ३,९०० ते ७,८०० रुपये. शाळेच्या निकालाचा हिशेब आणि फाटकावरच्या फलकाचा हिशेब, दोन्ही या कक्षेत बसतात. योगायोग असेल, पण बोलका आहे.

मग आपला कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा होता. त्या जागी २०१९ चा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम २(११) मध्ये सेवेतील "कमतरता" म्हणजे काय ते दिले आहे. कराराने किंवा अन्यथा जी सेवा द्यायचे कबूल केले तिच्या दर्जात, स्वरूपात किंवा पद्धतीत असलेला दोष, अपूर्णता, उणीव, हे सगळे त्यात येते. नव्या कायद्याने त्यात एक महत्त्वाची भर घातली: ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा कमतरता. दुरुस्ती आधीपासून ठरलेली असताना आरक्षणाच्या वेळी ती न सांगणे, यापेक्षा याचे सोपे उदाहरण कोणते?

येथे वकिलांकडूनही एक गल्लत होते. कलम ३९ मध्ये आयोगाला जे आदेश देता येतात, त्यांत किंमत किंवा आकार व्याजासह परत करण्याचा आदेश वेगळ्या उपकलमात आहे आणि नुकसानभरपाईचा आदेश वेगळ्या. निष्काळजीपणा हा शब्द नुकसानभरपाईच्या उपकलमात आहे. पैसे परत करण्याच्या उपकलमात तो नाही. म्हणून तक्रार लिहिताना दोन मागण्या वेगळ्या मांडाव्यात. "आमची काही चूक नव्हती" हे मालकाचे उत्तर भरपाई कमी करू शकेल, पण न दिलेल्या सोयीची किंमत ठेवून घेण्याचा अधिकार त्याला देत नाही, असा आमचा युक्तिवाद आहे. अर्थात कमतरता होती हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावरच असतो. केएलएम विमान कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच हे स्पष्ट केले आहे. त्या नववीतल्या पोराच्या फोटोचे मोल म्हणून मोठे.

आता राहिल्या "अटी व शर्ती". आरक्षणाच्या पावतीमागे बारीक अक्षरात एक ओळ असते: कोणतीही सुविधा पूर्वसूचनेशिवाय बंद ठेवण्याचा अधिकार व्यवस्थापनाला आहे, परतावा मिळणार नाही. व्यवस्थापकाला वाटते, एवढ्यावर विषय संपला. पण छापले म्हणजे कायदा झाला असे होत नाही. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या वाहनतळातून १९९८ मध्ये मोटार चोरीला गेली. पावतीवर छापले होते की वाहन मालकाच्या जबाबदारीवर. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निष्काळजीपणा दिसत असताना अशा छापील वाक्याआड हॉटेलला लपता येणार नाही. त्याच्याही आधी, १९८६ मध्ये, सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रोजोनाथ गांगुली या खटल्यात, ज्यांची सौदाशक्ती समान नाही अशा दोन पक्षांतल्या कराराची अन्यायकारक अट न्यायालयाने रद्द ठरवली होती. तो खटला नोकरीचा होता, पण तत्त्व तेच.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात हा मुद्दा मुळापासून मांडला आहे. सरकारने हात काढून घेतला की उरते ते स्वातंत्र्य कोणाचे, असे ते विचारतात. ते जमीनदाराचे खंड वाढवण्याचे आणि भांडवलदाराचे मजुरी कमी करण्याचे स्वातंत्र्य असते. ज्याला दुसरा पर्याय नाही त्याच्या सहीला संमती म्हणता येत नाही. रिसॉर्टच्या फॉर्मवर आपण जी खूण करतो, ती केल्याशिवाय पुढचे पानच उघडत नाही!

२०१९ च्या कायद्यात "अन्यायकारक करार" अशी स्वतंत्र व्याख्या कलम २(४६) मध्ये आहे, हे चांगले झाले. पण त्यात एक मेख आहे. अन्यायकारक कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगात ऐकली जात नाही. ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. म्हणजे सात हजार रुपयांसाठी सामान्य माणसाने मुंबईची किंवा खंडपीठाची वाट धरायची. ही तरतूद कोणाच्या सोयीची आहे हे सांगायला नको. जिल्हा आयोगाला हा अधिकार द्यावा अशी मागणी ग्राहक संघटनांनी आणि आमच्या वकील बांधवांनी लावून धरली पाहिजे. आम्ही स्वतः सध्या जिल्हा आयोगात सेवेतील कमतरता आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन मुद्द्यांवरच तक्रार लावतो.

सगळ्या बंद सुविधा एका मापाने मोजाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. ताडोबाचे गाभा क्षेत्र दरवर्षी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. कोकणातल्या समुद्री जलक्रीडा मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत थांबतात. पावसात नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी बंद राहते. यात रिसॉर्टवाल्याचा काही इलाज नाही, आणि पावसाळ्यातला दर बहुधा उतरलेला असतोच. तेथे प्रश्न दराचा कमी आणि सांगण्याचा जास्त आहे. ऑगस्टचे आरक्षण घेताना जाहिरातीत वाघाचा फोटो आणि उघड्या जीपमधले कुटुंब दाखवायचे, आणि सफारी फक्त बाह्य क्षेत्रात होईल हे तेथे पोचल्यावर सांगायचे, ही दिशाभूल आहे. महत्त्वाची माहिती दडवणारी जाहिरात कायद्याच्या व्याख्येतच दिशाभूल करणारी ठरते.

सुरक्षिततेसाठी बंद केलेली सुविधा हा आणखी वेगळा विषय. जीवरक्षक नसेल, पाणी गढूळ असेल, तर तलाव बंदच राहिला पाहिजे. पैसे भरलेत म्हणून तो उघडा, असा हट्ट आमच्या लोकांनी कधी धरू नये. धरायचाच असेल तर पैशाचा धरावा.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल ग्राहकांच्या बाजूने लिहिणारे सहसा बोलत नाहीत. तलाव बंद झाला की त्यावरच्या जीवरक्षकाचे काय होते? उपाहारगृह सातला बंद होते ते "स्टाफ कमी" म्हणून. मग जो स्टाफ काढला त्याचा पगार कोणाच्या खिशात राहिला? खोल्या झाडणारी, चादरी धुणारी, भांडी घासणारी माणसे कोठून येतात हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. ती आमच्याच वस्त्यांतून येतात, आणि बहुतेक ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. तलाव बंद की हजेरी बंद. पाहुण्याकडून पूर्ण दर घ्यायचा आणि कामगाराची हजेरी कापायची, असा दोन्हीकडून फायदा जेथे होतो तेथे "आमचा खर्च चालूच असतो" हे रडगाणे आम्ही का ऐकावे? उद्या परतावा द्यावा लागला तर तो पुन्हा याच हजेरीतून वसूल होणार नाही, हेही पाहिले पाहिजे. म्हणून आमच्या गृहस्थांना आम्ही सांगितले होते की तक्रारीत त्या व्यवस्थापक पोराचे नाव घालायचे नाही. तोही पगारी नोकरच. तक्रार मालकीच्या कंपनीविरुद्ध.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आरक्षणाआधी एका ओळीचा संदेश पाठवून विचारावे: अमुक तारखांना तलाव, उपाहारगृह, उद्वाहक चालू आहेत काय? उत्तर आले तर तो पुरावा, न आले तर तोही पुरावा. पोचल्यावर पाटीचा, कुलपाचा, दरफलकाचा फोटो घ्यावा. पैसे भरावेच लागले तर बिलाच्या प्रतीवर "हरकत राखून भरले" असे लिहून सही घ्यावी. काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा हे तीन शब्द जास्त काम करतात. परतावा मागताना त्या रकमेवरचा जीएसटीही मागावा. हॉटेलवाले सांगतात, कर सरकारला गेला, आता आमच्या हातात नाही. तसे नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये, दिलेल्या सेवेत कमतरता आढळली तर क्रेडिट नोट काढता येते असे स्पष्ट लिहिले आहे. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे, पण मे मधल्या बिलाला १२ टक्केच धरायचे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे न मिटल्यास जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि सर्वांत मोठी सोय अशी की तक्रार आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते. रिसॉर्ट सिंधुदुर्गात असले म्हणून सिंधुदुर्गला खेटे घालायला नकोत. तक्रार ई-जागृतीवरून दाखल करता येते आणि वकील लावण्याची सक्ती नाही. वकील असून हे लिहितो आहोत!

सरकारकडून आमची अपेक्षा मोठी नाही. तारांकित दर्जा देताना पर्यटन मंत्रालय हॉटेलात कोणत्या सुविधा आहेत ते तपासते. दर्जा सुविधांवर ठरतो, दर दर्जावर ठरतो, मग सुविधा बंद झाल्यावर दर किती उतरावा याचा एक तक्ता का असू नये? राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने आपल्या निवासांपुरता तो आधी लावावा. आरक्षणाच्या पानावर बंद सुविधांची यादी आणि त्यापुढे कपातीचा टक्का, एवढेच.

आमच्या गृहस्थांनी मागितले ते फक्त तलावाचे ७,२०० आणि त्यावरचा कर ८६४, एकूण ८,०६४ रुपये. खेळघराचे आणि जेवणाचे त्यांनी सोडून दिले. नोटीस गेल्यावर रिसॉर्टने पुढच्या मुक्कामावर वीस टक्के सवलतीचे कूपन पाठवले. ते त्यांनी परत केले. म्हणाले, "ज्या गाडीनं मला मध्येच उतरवलं, त्याच गाडीचं पुन्हा तिकीट काढू काय?"

लेखी जबाबात रिसॉर्टने म्हटले आहे की तलावाची दुरुस्ती अचानक करावी लागली. पुढच्या तारखेला कंत्राटदाराला दिलेला कार्यादेश हजर करावा, असा अर्ज आम्ही दिला आहे. आरक्षणाचे पैसे ज्या दिवशी घेतले ती तारीख आमच्याकडे आहे. फरशा उखडण्याचे काम ज्या दिवशी दिले ती तारीख त्या कागदावर असेल.